मावशीचा अपघात : कारवाला 'राजीनामा' (तडजोडीचा कागद) मागतोय, सही करू की नको? (इंदूर)

सुदामानगरचा_भाचा (रविवार, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे म्हणून घाईत धागा काढतोय. जरा सविस्तर लिहितो.

माझी मावशी सुदामानगरला राहते, वय ५२. काका गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून डबे करते. भंवरकुआँला कोचिंगसाठी बाहेरगावची मुलं असतात, त्यातली बावीस मुलं तिच्याकडे दोन्ही वेळ जेवतात. महिन्याला २,८०० रुपये. चिरण्या-घासण्याला एक बाई येते, बाकी कणीक तिंबण्यापासून ॲक्टिव्हावरून डबे पोचवण्यापर्यंत सगळं मावशीच.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहाला केसरबाग रोडवर एक कार गल्लीतून न थांबता बाहेर आली आणि थेट तिच्या उजव्या पायावर आदळली. गुडघ्याच्या खालच्या हाडाचा सांध्यालगतचा भाग फुटला. प्लेट आणि सात स्क्रू बसवलेत. डॉक्टर म्हणतात तीन महिने त्या पायावर भार द्यायचा नाही, पुढचं नंतर सांगू.

कारवाल्यांनी तिला टाकून पळ काढला नाही, स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, हे कबूल करायला हवं. आम्ही पोचलो तेव्हा ती भरती झालेली होती. बिल आतापर्यंत १ लाख ८६ हजार, त्यातले ३० हजार त्यांनी भरले. आता म्हणतात, आणखी ७० हजार देतो, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्या की आमची काही तक्रार नाही आणि पुढे कुठलाही दावा करणार नाही. थान्यात (पोलीस ठाण्यात) अजून काही दिलेलं नाही.

अडचण अशी की ते ओळखीचे आहेत. त्यांच्या घरच्या आणि माझी आत्या एकाच भजनी मंडळात. घरात दोन तट पडलेत. मावशी म्हणते, जाऊ दे, कोणी मुद्दाम करतं का? शिवाय तिच्या लायसन्सची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली आहे, थान्यात गेलं तर तेच बाहेर येईल याची तिला धास्ती.

आज मी दवाखान्याची फाइल चाळली तर भरतीच्या कागदावर लिहिलंय : 'स्कूटर घसरून पडल्या.' मावशी शुद्धीवर होती, पण तिला कोणी विचारलंच नाही.

सही करावी का? नाही केली तर पुढे काय?

महूवाला (रविवार, ११.३१)

सही करू नका. बाकीचं सकाळी लिहितो, पण सही करू नका.

आजी_लोकमान्यनगर (रविवार, ११.५२)

बाळा, मी वेगळं सांगणार आहे, राग मानू नकोस. आमच्या ह्यांची क्लेमची केस सहा वर्षं चालली. दर पेशीला (कोर्टाच्या तारखेला) सुट्टी काढायची, रिक्षा करायची, दिवसभर बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन घरी यायचं. पैसे मिळाले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. तुझ्या मावशीला आज पैशांची गरज आहे, डबे बंद आहेत. माणूस स्वतःहून एक लाख देतोय आणि ओळखीचा आहे. थोडे वाढवून घ्या आणि विषय संपवा, असं मला वाटतं.

काळाकोट (सोमवार, सकाळी ७.०५)

मी इंदूरला जिल्हा न्यायालयात वकिली करते, क्लेमच्या केसेसच जास्त. आजींचा अनुभव खरा आहे, वेळ लागतोच. तरीही भाच्याला सांगते, या कागदावर सही नको. कारणं एकेक करून लिहिते, कारण आज घरात हेच बोलावं लागेल.

सगळ्यात आधी ओळखीचा मुद्दा. दावा 'त्यांच्यावर' होणार म्हणून सगळे संकोचताहेत. कारला थर्ड पार्टी विमा असणं मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचं आहे, आणि तो विमा काढायचा तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठीच. तुमची मावशी म्हणजे तो 'थर्ड पार्टी'. भरपाईच्या अर्जात चालक आणि मालक पक्षकार असतात, पण विमा चालू असेल आणि चालकाकडे योग्य लायसन्स असेल तर भरपाई कंपनी भरते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ते दर वर्षी हप्ता भरताहेत, तीच गोष्ट स्वतःच्या खिशातून ७० हजारांत उरकायला बघताहेत. असं का, हे त्यांना शांतपणे विचारा. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका, विमा कुठल्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा आहे ते दिसेल.

लायसन्स. मावशीचं लायसन्स संपलेलं होतं म्हणून अपघात झाला का? कार गल्लीतून न थांबता आली म्हणून झाला. सुधीरकुमार राणा प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की केवळ लायसन्स नव्हतं म्हणून अपघातात त्या माणसाचाही दोष होता असं धरता येत नाही. दंड होईल, तो भरावा. दावा बुडत नाही. हेल्मेट नव्हतं असं कोणी काढलं तरी तेच. इजा गुडघ्याला आहे, डोक्याला नाही.

आता एफआयआर. हाड मोडलं की ती कायद्याच्या भाषेत 'गंभीर इजा' ठरते. भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याला कलम २८१ आणि त्यातून गंभीर इजा झाली तर १२५(ब) लागतं. फिर्याद नोंदवल्यावर तिची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. पाच-सहा दिवस उशीर झाला म्हणून घाबरू नका. रवी विरुद्ध बद्रीनारायण, २०११ : नुसत्या उशिराच्या कारणावर क्लेम फेटाळू नये, जखमी माणसाला आधी दवाखाना सुचतो, थाना नाही. मात्र उशीर का झाला हे फिर्यादीतच लिहा : ऑपरेशन, भरती, घरी दुसरं माणूस नाही.

एफआयआर झाली की पोलिसांचीही जबाबदारी सुरू होते. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत क्लेमच्या न्यायाधिकरणाला (अपघाताची भरपाई ठरवतं ते) द्यायचा असतो. गोहर मोहम्मद प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नीट पाळा म्हणून सविस्तर निर्देश दिले. तो तपशीलवार अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तरीही आपला स्वतंत्र अर्ज वेळेत लावावा, असा माझा अनुभव सांगतो.

वेळेत म्हणजे कधी? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ती १ एप्रिल २०२२ पासून परत आली. या मुदतीला आव्हान देणारी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात आहेत, आणि निकाल लागेपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण त्या आदेशाच्या भरवशावर राहू नका. सहा महिन्यांच्या आत अर्ज लावा. अपघात कुठेही होवो, अर्जदार राहतो तिथेही अर्ज करता येतो. तुमचं तर दोन्ही इंदूरच आहे.

एक विचारायचं राहिलं. गाडी नक्की कोण चालवत होतं? तुम्ही 'कारवाल्यांनी' लिहिलंय, नीट कळलं नाही.

निवृत्त_विमावाला (सोमवार, ८.४०)

एका विमा कंपनीत क्लेम खात्यात २६ वर्षं काढली. दवाखान्याच्या त्या ओळीबद्दल लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते.

फाइल आमच्याकडे आली की आम्ही पहिल्यांदा भरतीचा कागद काढायचो. एफआयआर नंतर विचार करून लिहिता येते. भरतीचा कागद पहिल्या तासातला असतो, त्यामुळे त्यावर भर. 'स्वतः घसरून पडल्या' असं तिथे आलं की कंपनीचा वकील म्हणतो, कारचा संबंधच नाही, ओळखीची गाडी नंतर घुसवली. अशा खोट्या केसेसही होतात, म्हणून न्यायाधीशही तो कागद गांभीर्याने घेतात. आणि खऱ्या केसेस त्यात भरडल्या जातात. मी स्वतः असे दावे नाकारणाऱ्या टिपणांवर सह्या केल्यात, आज त्यातल्या काही आठवल्या की झोप लागत नाही.

करायचं काय? दवाखान्याला कागद बदलायला सांगू नका. खाडाखोड दिसली की आणखी संशय. मावशीच्या सहीचा अर्ज द्या : भरतीच्या वेळी मला विचारलं नाही, माहिती दुसऱ्याने दिली, खरी हकीकत अशी. पोच घ्या, शिक्का-तारखेसह. माहिती देणाऱ्याचं नाव भरतीच्या फॉर्मवर असतं, त्याची प्रत मागा. एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद) झाली होती का तेही विचारा. नसेल तर का नाही, हे लेखी.

आणि आजच्या आज समोरच्या दुकानांचे कॅमेरे बघा. बहुतेकांच्या डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) जुनं चित्रण काही दिवसांत पुसून त्यावर नवीन चढतं. दुकानदाराला विनंती करून पेन ड्राइव्हवर घ्या आणि पोलिसांनाही ते जप्त करायचा अर्ज द्या. कारचा पुढचा भाग आणि ॲक्टिव्हाची उजवी बाजू यांचे फोटो काढा. ॲक्टिव्हा दुरुस्तीला टाकू नका. गाड्यांची यांत्रिक तपासणी होते, त्यात कुठला पत्रा कुठून दबलाय ते येतं. घसरून पडलेल्या स्कूटरचे ओरखडे वेगळे असतात.

महूवाला (सोमवार, ९.१५)

वरच्याला जोडून. माझ्या भावाच्या वेळी कॅमेऱ्याचं चित्रण होतं, पण ते कोणी, कुठल्या यंत्रातून काढलं याचं प्रमाणपत्र नव्हतं आणि त्यावरून बराच वाद झाला. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते लागतं. दुकानदाराची सही तेव्हाच घेऊन ठेवा, नंतर तो दुकान विकून जातो.

सुदामानगरचा_भाचा (सोमवार, दुपारी १.१०)

काय लिहू कळत नाही. काळाकोट यांचा प्रश्न वाचून मावशीला विचारलं, गाडी कोण चालवत होतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, त्यांचा मुलगा होता. अकरावीत आहे, सतरा वर्षांचा. बाप दहा मिनिटांनी आला. मुलगा रडत होता, 'आँटी, पप्पा को मत बताना' म्हणत होता, आणि मावशीनेच त्याला पाणी प्यायला दिलं. पाय तुटलेला, रस्त्यावर बसलेली, आणि डब्यातल्या बाटलीतून त्याला पाणी देतेय.

ती म्हणाली, माझ्याकडे जेवणारी सगळी त्याच्याच वयाची आहेत रे, त्याचं वाटोळं करू नका.

विमा ॲपवर चालू दिसतोय. आता घाई कशाची होती ते समजलं. सकाळी त्यांचा फोन आला, तोही सांगतो. म्हणाले, तुम्हाला एफआयआर करायचीच असेल तर चालक म्हणून माझं नाव लिहा, माझं लायसन्स आहे, म्हणजे विम्याचे पैसेही सहज मिळतील. दोघांचंही भलं. खरं सांगतो, क्षणभर मलाही ते पटलं.

काळाकोट (सोमवार, १.४५)

पटू देऊ नका. इथेच लोक बुडतात.

चालक बदलला की तुमच्या मावशीला शपथेवर खोटं बोलावं लागेल. उद्या कॅमेऱ्यात मुलगा दिसला, किंवा उलटतपासणीत एक प्रश्न चुकला, की खरा अपघातही खोटा ठरेल आणि फसवणुकीचा आरोप तिच्यावर येईल. जिचा पाय गेला तिच्यावर.

खरं सांगितलं तर काय होतं? अल्पवयीन मुलाकडे लायसन्स नसणारच, म्हणून विमा कंपनी हात वर करायला बघेल. पण स्वरणसिंग निकालापासून, म्हणजे २००४ पासून, न्यायालयं अशा प्रकरणांत अनेकदा कंपनीला सांगतात की जखमीला आधी पैसे द्या आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करा. म्हणजे शेवटी भार वडिलांवर येऊ शकतो. त्यांची भीती खोटी नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायची संधी त्यांना असते.

मुलाचं म्हणाल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, मोठ्यांच्या कोर्टात नाही. तिथला भर सुधारण्यावर असतो. लायसन्स मात्र त्याला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत मिळणार नाही. त्याचं वाटोळं होईल असं यात काही नाही. मावशींना माझ्यातर्फे हे नक्की सांगा. तिची माया मला समजते, पण त्या मुलाला चावी मावशींनी दिली नव्हती.

आजी_लोकमान्यनगर (सोमवार, २.३०)

मी काल लिहिलेलं मागे घेते. लेकराच्या हातात गाडी द्यायची आणि वर आपलं नाव लिहा म्हणायचं. सही नको रे बाळा.

उज्जैनकर (सोमवार, ३.०५)

माझ्या वडिलांना उज्जैन रोडवर ट्रकने उडवलं आणि तो सापडलाच नाही, म्हणून ज्यांना गाडीचा पत्ताच लागत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली सरकारकडून मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजार मिळतात, एप्रिल २०२२ पासून. त्याआधी २५ हजार आणि १२,५०० होते. अर्ज एसडीएम (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदाराकडे. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

फिजिओ_तिलकनगर (सोमवार, संध्याकाळी ५.२०)

मी गुडघ्याचेच रुग्ण जास्त पाहते, त्यामुळे वैद्यकीय बाजू.

सांध्यालगतचं हाड फुटलं की हाड जुळून येतं, पण गुडघा पूर्वीसारखा वाकेलच असं नाही. काहींचा नव्वद अंशापर्यंतच वाकतो. जिना उतरताना दुखतं, खाली बसता येत नाही, खूप वेळ उभं राहिलं की सूज येते. आणि पुढे काही वर्षांनी संधिवात लवकर यायची शक्यता असते. हे सगळं आज कळणार नाही, म्हणूनच आज 'पुढे कुठलाही दावा करणार नाही' लिहून देणं मला भयंकर वाटतं.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र घाईने काढू नका. उपचार संपून सुधारणा थांबली की मगच काढा. तोवर प्रत्येक भेटीत गुडघा किती वाकतो ते डॉक्टरांना कागदावर अंशात लिहायला सांगा. 'बरं आहे' असं लिहून देतात, त्याचा उपयोग नाही. आणि प्रमाणपत्रावर टक्का पायाचा आहे की पूर्ण शरीराचा, ते बघून घ्या. दोन्ही वेगळे आकडे असतात.

तिच्या कामाबद्दल डॉक्टरांशी मुद्दाम बोला. सकाळी पाच ते दहा ओट्याशी उभं राहून शंभर-सव्वाशे पोळ्या लाटणाऱ्या बाईचा गुडघा आणि खुर्चीत बसून काम करणाऱ्याचा गुडघा, एक्सरेत सारखेच दिसतील.

काळाकोट (सोमवार, रात्री ९.००)

फिजिओताईंनी शेवटी जे लिहिलं तोच राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाचा गाभा आहे. प्रमाणपत्रावरचा टक्का म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे. त्या माणसाच्या त्या कामावर किती परिणाम झाला ते बघायचं. टक्का कमी असूनही कमाई पुष्कळ बुडू शकते, आणि उलटही. यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागते, म्हणून आतापासून त्यांच्याशी संबंध नीट ठेवा.

आता आकडे. कोणी तरी सांगेल 'चार लाखांचा क्लेम', कोणी 'वीस'. ते कसे येतात ते दाखवते. निव्वळ कमाई महिन्याला १५ हजार धरू. ५१ ते ५५ वयाला सरला वर्मा निकालाप्रमाणे (२००९) गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा, ११. प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) स्वतःचा धंदा करणाऱ्याला ५० ते ६० वयात भविष्यातल्या वाढीचे १० टक्के मिळवायचे, आणि ही वाढ कायमच्या अपंगत्वातही द्यायची हे २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात स्पष्ट झालं. १५,००० चे झाले १६,५००. गुणिले १२, गुणिले ११ म्हणजे २१ लाख ७८ हजार. कमाईची क्षमता २० टक्के गेली असं न्यायाधिकरणाने मानलं तर त्याचे ४ लाख ३५ हजार ६००. हा झाला फक्त एक भाग. औषधपाण्याचा सगळा खर्च, उद्या प्लेट काढायचं ऑपरेशन, डबे बंद असलेल्या महिन्यांची कमाई, मदतीला ठेवलेली बाई, दवाखान्याच्या चकरांचं भाडं, वेदना, हे वेगळं. अर्ज लावल्यापासून व्याजही मिळू शकतं. टक्का ३० निघाला तर आकडा त्या प्रमाणात वाढतो. मी रकमेचं आश्वासन देत नाहीये. ७० हजार कशाच्या बदल्यात मागताहेत, तेवढं दिसावं म्हणून मांडलं.

दुसरी वाट मोटार वाहन कायद्याच्याच कलम १६४ ची आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर इजेला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. लवकर मिळतात. पण ते स्वीकारले की १६६ चा अर्ज संपतो. काहींना ते योग्य असतं, साक्षीदार नाही, पुरावा नाही, कायमचं नुकसान नाही, तिथे. मावशींच्या बाबतीत पायाचं काय होतं ते कळेपर्यंत मी ती वाट धरणार नाही. विमा कंपनीचा अधिकारी तडजोडीचा प्रस्ताव घेऊन येईल, त्यालाही हेच. ऐका, लेखी घ्या, लगेच हो म्हणू नका.

सुदामानगरचा_भाचा (सोमवार, ९.४०)

कमाई १५ हजार आहे हे दाखवायचं कसं? रिटर्न भरलेलं नाही, दुकान नाही, पाटी नाही. काही मुलं रोख देतात.

निवृत्त_विमावाला (सोमवार, १०.१०)

कागद नाही असं वाटतं, पण असतो. बँकेचं एक वर्षाचं पासबुक काढा, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात २,८०० च्या नोंदी ओळीने दिसतील, क्यूआर कोडवरून आलेल्या. कणीक-तांदळाची बिलं, किराणावाल्याची वही, गॅस सिलिंडरच्या पावत्या. डब्याचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर 'आज भाजी काय' हे रोजचे संदेशसुद्धा ठेवा. एकूण जमा दाखवून तीच कमाई म्हणू नका, त्यातून किराणा वजा करा. आकडा फुगवला की बाकीचंही कोणी खरं मानत नाही.

आणि आता बदली बाई ठेवून डबे सुरू करणार असाल तर तिला पगार बँकेतून द्या. मावशीच्या हातांची किंमत काय होती, ते त्यातून आपोआप दिसतं.

बडोद्याची_सून (सोमवार, १०.२५)

वकिलाची फी? आमच्याकडे मिळालेल्यातले वीस टक्के मागितले होते.

काळाकोट (सोमवार, १०.५०)

मिळालेल्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला मनाई आहे. तरी मागतात, हे खरं. फी आधी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. भरपाई मावशीच्याच नावाच्या खात्यात आली पाहिजे.

आणि बायकांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००. चांगले वकील त्या यादीत आहेत, मी काम पाहिलंय. पुढे लोकअदालतीत तडजोड करायची वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा की तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

सुदामानगरचा_भाचा (गुरुवार, रात्री ८.१५)

उशिरा लिहितोय, तीन दिवस धावपळीत गेले.

सोमवारी संध्याकाळी ते आले. स्टॅम्प पेपर तयार होता. मावशीने त्यांना चहा द्यायला सांगितला आणि म्हणाली, मी खोटं लिहून देणार नाही आणि मुलाबद्दल वाईटही बोलणार नाही, जे झालं तेवढं सांगीन. ते बराच वेळ बसून राहिले. शेवटी म्हणाले, गाडीच्या विम्याचे कागद आणून देतो. काल दिले. आत्याशी त्यांच्या घरच्या अजून बोलत नाहीत. ते होणारच होतं.

मंगळवारी एफआयआर झाली. थान्यात आधी 'आपस में देख लो' म्हणाले, पण अर्ज लेखी होता आणि पोच मागितली. मावशीचा जबाब घरी येऊन घेतला. लायसन्सचं विचारलं, तिने संपलंय म्हणून सांगितलं. दवाखान्याने अर्जावर शिक्का दिला. भरतीच्या फॉर्मवर माहिती देणारा म्हणून वडिलांचीच सही निघाली.

औषधांच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात गल्लीचं तोंड दिसतं. कार बाहेर येताना स्वच्छ दिसतेय, धडक अर्धी फ्रेमबाहेर. मुलगा उतरताना दिसतो. प्रमाणपत्रावर दुकानदाराची सही घेतली. मावशीला उचलणारा मुलगा कोचिंगचाच निघाला, तिच्याकडे जेवणारा नाही. तो कचरतोय, पोलिसांच्या फेऱ्या नकोत म्हणतो.

काळाकोट (गुरुवार, ८.५०)

त्याला सांगा, मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायचं असेल तर जबाब त्याच्या सोयीच्या जागी आणि शक्यतो एकदाच घ्यायचा असतो. जबरदस्ती मात्र करू नका, चित्रण आहे.

सुदामानगरचा_भाचा (गुरुवार, ९.२०)

सांगतो. विधी सेवा कार्यालयात सोमवारची वेळ मिळाली आहे.

आणखी एक. बावीसपैकी सोळा मुलं काल संध्याकाळी घरी आली होती, दोघांनी खिचडी केली. प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत. त्यात नेमकं काय लिहून घ्यायचं?

निवृत्त_विमावाला (गुरुवार, ९.३५)

डबा कोणत्या महिन्यापासून घेतो, एक वेळ की दोन, महिन्याला किती देतो, रोख की खात्यातून, आणि अपघातानंतर कोणत्या तारखेपासून बंद झाला. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावं, सोळा कागदांवर एकच मजकूर नको. जी मुलं यंदा परीक्षा देऊन गावी परतणार आहेत त्यांचं आधी करून घ्या, आणि गावचा पत्ता लिहायला विसरू नका.